पडवीतला दुसरा पिंजरा

आये, तू होतीस तोवर घरात पिंजरा आला नाही. शाळेतून येताना मी बुलबुलाचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा तू आदाळ्यावर नारळ खवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "खंयसून हाडलंस, थंय ठेवून ये गो. दुसऱ्याचो जीव सांभाळणा सोपा नाय." मी रडत परत गेले.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा, बाबांनी एक लव्हबर्ड आणला. बोटीवरून आले की त्याला शीळ घालायचे. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली म्हणावी इतकी अडखळली, आणि मी नोकरी सोडून मिठबावला परतले. शीळ थांबली तसा तो पक्षी स्वतःच्याच छातीची पिसं उपटायला लागला. बाबा खुर्चीतून बघत राहायचे. मला ते बघवेना, म्हणून कुडाळहून त्याला जोडीदार आणला. दुकानदाराने बजावलं होतं, आधी पिंजरे शेजारी ठेवा, सवय होऊ दे, लगेच एकत्र सोडू नका. नवा पक्षी दिवसभर ओरडायचा. बाबा जुन्याच्या पिंजऱ्याकडे बघत म्हणायचे, "सोड... सोड त्येका." मी थांबायला सांगत राहिले.

एका सकाळी मी मासे आणायला गेले. परत येते तर बाबा पडवीत, डावा हात जुन्याच्या पिंजऱ्यात मनगटापर्यंत अडकलेला, बोटांना रक्त. नवा त्यांच्या मुठीत. त्याचं डोकं जुन्याने चोचीने फोडलेलं. जुना दांडीवर पिसं फुलवून बसलेला. कुंपणापलीकडे शेजारची काकी कपडे वाळत घालत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

मी मूठ सोडवायला गेले, ती सुटेना. बाबा किती तरी वेळ ओठ हलवत होते. मग म्हणाले, "माका... हाक... मारूक येवक नाय."

त्यांच्या बोटांना हळद लावली, पक्षी माडाखाली पुरला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. जुना अजूनही पिसं उपटतो.

तेव्हापासून मी घर सोडून कुठे जात नाही. गाव म्हणतं, लेक असावी तर अशी. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. दुपारी कधी कधी मी मागच्या बागेत, अगदी टोकाला जाऊन बसते. तिथे घरातलं काही ऐकू येत नाही, आये. म्हणूनच बसते.