पाच फूट नऊ इंच

१० नोव्हेंबर
आज तिला पाठमोरी पाहिली. हिप्परगा तलावाकडून येत होती, शेजारच्यांची सायकल मागून नेलेली. गुडघे हँडलला लागतात म्हणून फाकवलेले, पाठीला कमानीसारखा बाक! कॉलेजात पोरांना शिकवणारी माझी ज्ञानदा — आणि दिसत होती कशी, तर सर्कशीतल्यासारखी.
चहा घेताना म्हणाली, “डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची सायकल वेगळी असते आई. पुढे धक्के झेलणारा शॉक, जाड टायर. पण माझ्या मापाची इथे कुणी ठेवतच नाही.” मग नेहमीसारखी हसली.
चोवीस तारखेला तिला चाळीस पूर्ण. मी आणणार. तिला न सांगता!

१२ नोव्हेंबर
पुण्याच्या दुकानाने फोनवर फॉर्म पाठवला. नाव, वजन, उंची, पायाची आतल्या बाजूने लांबी. पायाचं माप मला तोंडपाठ. तिच्या सलवारी मीच शिवते, तयार घेतलेल्या घोट्याच्या वर राहतात. पाच मिनिटांत भरून टाकला. असले फॉर्म भरायची हाताला सवयच आहे.

१३ नोव्हेंबर
दुकानातून फोन. “मॅडम, उंची पाच-नऊ लिहिलीय, पण पाय सहा फुटांच्या माणसाएवढा येतोय. उंची नक्की ना?”
हुबेहूब तोच सूर! वधूवर मंडळातल्या बाईंचा. “नक्की ना हो वहिनी? मुलाकडचे मोजतात बरं का.” मी ताडकन म्हणाले, “नक्की. पाच-नऊच आहे!” आणि फोन ठेवला.
मग ही वही उघडली.
सहा-एक आहे ती. सहा फूट एक इंच. इथे तरी लिहिते.
बारा वर्षं प्रत्येक कागदावर मी पाच-नऊ लिहिलं. हे म्हणायचे, “खरं लिही की. माझी उंची घेतलीय पोरीने, चोरी नाही केली.” हे गेले, तरी मी लिहितच राहिले. इथल्या नवी पेठेतल्या फोटोवाल्याने सांगितलं, “ताई, गुडघ्यात थोडं वाका,” आणि मी तिच्या ओढणीची घडी अशी केली की वाकलेले गुडघे दिसू नयेत. चालताना मी मागून हळूच म्हणायचे, “पोक काढ गं जरा.” लग्न काही झालं नाही. पोक मात्र राहिलं.
काल हात आपोआप चालला. बोटांनाच पाठ होतं ते. पण आज? आज तर त्याने विचारलं होतं!
उद्या फोन करून दुरुस्त करते.

१४ नोव्हेंबर
केला नाही.

१६ नोव्हेंबर
केला. “कालच पाठवली मॅडम. एल साइज. काही बदल होता का?”
“नाही,” म्हणाले. का म्हणाले?

२४ नोव्हेंबर
आली! निळी. खोकं तिनं एकटीनेच अंगणात फोडलं, एकेक चिकटपट्टी जपून सोडवत, लहानपणी वह्यांची कव्हरं काढायची तशी. मग खोक्याची नीट घडी करून माळ्यावर टाकली. “राहू दे, लागेल कधीतरी.” मला मिठी मारली. त्यासाठी तिला वाकावं लागतं. नेहमीच लागतं.
सायकलवर बसून अंगणात एक फेरी मारली. मी तिच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

२६ नोव्हेंबर
जोतिरामला घरी बोलावलं. सात रस्त्याला सायकलींचं दुकान आहे त्याचं, मूळचा मंगळवेढ्याचा. दोन तास खपला. पुढच्या शॉकमध्ये तिच्या वजनाप्रमाणे हवा भरली, तिला उभं करून, बसवून, तो किती खाली दबतो ते बोटाने मोजलं. हँडल वर घेतलं, सीट मागे सरकवली. मग टेकून उभा राहिला.
“काकू, ही ताईस्नी बारीक हाय. एक्सेल साइज पायजे होती.”
मी फडक्याने हँडल पुसायला घेतलं.
“उंच माणूस बारक्या गाडीवर काय करतंय? सीट वर काढतंय. मग हँडल राहतंय खाली, आन् उताराला माणूस पुढं पडतंय. ही रेघ बगा.” सीटची दांडी त्याने उपसून दाखवली, तिच्यावर एक बारीक रेघ होती. “ही नळीच्या आतच राह्यला पायजे. रेघ दिसली की समजायचं, दांडीला आत धरायला कायबी न्हाय. दुकानवाल्यानं उंची इचारली न्हाय का?”
“विचारली असेल,” ज्ञानदा चाकाकडे बघत म्हणाली. “त्यांचंच चुकलं असेल.”
“मग परत पाठवा की! बदलून देत्यात. खोकं हाय न्हवं?”
सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. मी फडक्याची घडी करत राहिले.
“नको,” ती म्हणाली. “आईने आणलीय. मी चालवते.”
“चालवा. पर रेघ लपवून चालवा. रेघ दिसली की थांबायचं, ताई.”
“लपवायची सवय आहे आम्हाला,” ती हसत म्हणाली. जोतिरामही हसला.

१ डिसेंबर
गुडघ्यांना तेल चोळून दिलं. “छान वाटतंय,” म्हणते. डावा सुजलाय.

८ डिसेंबर
ती आंघोळीला गेल्यावर सायकल पुसायला घेतली. रेघ वर आलीय. दोन बोटं वर.
“ज्ञानू, रेघ दिसतेय गं.”
“चढावर पाय सरळच होत नाही आई, म्हणून घेतली जरा वर. होईल सवय. आयुष्यभर सगळ्या गोष्टी माझ्यापेक्षा छोट्याच होत्या की.”
दुपारभर सिस्टर ॲग्नेस आठवत राहिल्या. शाळेत आम्हाला डोक्यावर नकाशांचं जाडजूड पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालायला लावायच्या. पडलं की पुन्हा पहिल्यापासून! खांदे मागे, हनुवटी वर. मी वर्गात पहिली यायचे त्यात. ताठ कसं चालायचं हे इतकं नीट शिकलेली बाई, आणि पोटच्या पोरीला शिकवलं काय? वाकायला.
चॅपेलमधली ती लाकडी पेटीही आठवली. ख्रिस्ती मैत्रिणी आत जायच्या, जाळीपलीकडच्या फादरना चूक सांगायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्ही हिंदू मुली बाकावर बसून बघायचो. मला फार हेवा वाटायचा. माझ्याकडे फक्त ही वही. आणि वही कुणाला काही सांगत नाही.

१४ डिसेंबर
ठरलं. उद्या सकाळी ती तुळजापूरच्या डोंगरात जाणार आहे, कॉलेजातल्या सोनमबरोबर. परत आली की सांगणार. सगळं. फॉर्म, फोन, दुसरा फोन. मग जोतिरामला बोलावून ती सायकल परत पाठवायची, मापाची आणायची. शेंगाच्या पोळ्या करून ठेवते, तिला आवडतात. खाऊन झालं की सांगेन.
आज सांगता आलं असतं. पण पिशवी भरताना गुणगुणत होती — मोडवेना.

१५ डिसेंबर
सोनमचा फोन. उतारावर सीट तुटली.

१९ डिसेंबर
चार दिवसांनी वही उघडतेय.
मांडीचं हाड आणि खुबा. दगडावरून उतरताना फ्रेमची नळी चिरली, दांडी निघून आली, ही खाली दगडांत. सहा तास ऑपरेशन. आत सळई घातलीय. डॉक्टर म्हणाले, डावा पाय दीड इंच तोकडा राहील. चालेल, आधाराने. सायकल विसरा.
पलंग तिला पुरत नाही. पावलं बाहेर येतात. मी स्टुलावर उशी ठेवून त्यांना टेकू दिलाय.
जोतिराम आला होता. निघून आलेली दांडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली. कॉरिडॉरमध्ये लहान पोरासारखा रडला. “म्या रेघ दावली होती की वो काकू! मापाची असती तर न्हाय मोडत. त्या दुकानवाल्याला सोडू नका. माप चुकवलंय त्येनं!”
मी मान हलवली. हो म्हणून हलवली! एका परक्या माणसावर ढकलून मोकळी झाले.
शेंगाच्या पोळ्या डब्यात तशाच होत्या. आज टाकल्या.

२७ डिसेंबर
तिचे केस विंचरले. कडेचे पांढरे झालेत, माझं लक्षच नव्हतं.
“आई, तू का रडतेस? माझा पाय मोडलाय.”
सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. बरंच वाटलं मला. काय बाई आहे मी!

३ जानेवारी
घरी सोडण्याआधी कुबड्या मापाच्या करून द्यायच्या होत्या. फिजिओथेरपीची मुलगी कागद घेऊन आली. “उंची?”
जन्मात पहिल्यांदा चारचौघांत म्हणायला निघाले, “सहा फूट —”
ज्ञानदाने माझा हात धरला. आवाज अगदी साधा.
“पाच-नऊ लिहा. सायकलच्या खोक्यातल्या फॉर्मच्या कागदावरही तेच होतं.”