मानाचा फ्लॅश

२ फेब्रुवारी २००९, सोमवार
आजपासून रोजनिशी. धंद्यात क्रांती होत असताना कुणीतरी नोंद ठेवायला हवी, आणि महेजबीनला वेळ नसतो.
महेजबीनचा भाऊ अक्रम काल शारजाहून आला. येताना माझ्यासाठी एक मेमरी कार्ड आणलं. दिसायला साधं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. पण वायरलेस. इकडे फोटो काढला की तिकडे आपोआप कॉम्प्युटरमध्ये हजर. वायर नको, कार्ड काढायला नको. शिरूरमध्ये असं पहिलंच. दौंड धरूनही पहिलंच असेल.
महेजबीनला सांगितलं, आता तुझी सुटका झाली. ती म्हणाली, कार्ड काढून लावायला मला दहा सेकंद लागतात, अल्बम करायला चार दिवस. अल्बमवर काही निघालंय का. तिला मोठं चित्र दिसत नाही. हा तिचा दोष नाही, ती बायको आहे.
संध्या. ७. फोटो गेला नाही.

३ फेब्रुवारी
फोटो गेला नाही. राउटर नावाचा डबा लागतो म्हणे. अक्रमला वाटलं, आमच्याकडे असेल. पुण्याहून मागवला.

७ फेब्रुवारी
राउटर आला. लाइट गेली.

८ फेब्रुवारी
महेजबीनने कार्डाबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. मी पुस्तक वाचत नाही, मी कलावंत आहे. ४ वाजून २० मिनिटांनी पहिला फोटो कॉम्प्युटरवर आला. स्टुडिओतला पंखा. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेलरला बोलावून दाखवलं आणि हे सगळं मी कसं जमवलं ते सांगितलं. महेजबीन पुस्तक मिटून स्वयंपाकाला गेली.

११ फेब्रुवारी
कुशाबाई येऊन गेल्या. दोन-तीन महिन्यांनी येतातच. ९९ साली त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात मी त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा, मारुतरावांचा, स्टेजवर फोटो काढला होता. दोन वर्षांनी मारुतराव वारले. घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. मतदान ओळखपत्रावर आहे तो कुणाचाही असू शकतो. त्यामुळे लग्नातला तो तेवढा हवाय.
मी नेहमीप्रमाणे सांगितलं, निगेटिव्ह शोधतोय. चहा मागवला. त्या म्हणाल्या, घाई नाही. फार समजूतदार बाई.

१३ फेब्रुवारी
निगेटिव्ह शोधली. म्हणजे खरोखर शोधली, पहिल्यांदाच. त्या लग्नाचे तीनही रोल सापडले. प्रत्येकी छत्तीस फोटो, एक गहाळ नाही. मारुतराव कुठेच नाहीत. याचा अर्थ ते सदतिसावे असणार. काही रोलमध्ये सदतिसावा फोटो निघतो आणि लॅबवाले तो कापून टाकतात. चूक लॅबची. मन हलकं झालं.

२० फेब्रुवारी
मोठी ऑर्डर. साहेबराव, म्हणजे कुशाबाईंचे थोरले भाऊ, दौंडला राहतात, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. त्यांच्या मुलीचं, मोनालीचं लग्न १५ मार्चला. मी म्हणालो, मंडपात मोठा टीव्ही लावू. इकडे फोटो काढला की वीस सेकंदांत तिकडे टीव्हीवर. साहेबरावांनी विचारलं, दर पाहुण्याचा? मी म्हणालो, दर पाहुण्याचा.
उत्साहात माणूस जरा सढळ बोलतो.

२३ फेब्रुवारी
'दर पाहुण्याचा' या शब्दांनी झोप उडवली आहे. इथे धंद्यातली एक गोष्ट लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही.
स्टेजवर तीनशे पाहुणे येणार आणि आपल्याकडे रोल तीन. म्हणून काही फ्लॅश रिकामे मारायचे. फ्लॅशच्या मागे एक बारीक बटण असतं. ते दाबलं की उजेड पडतो, फोटो निघत नाही. पाहुणा खूश होऊन जेवायला जातो. याला मी मानाचा फ्लॅश म्हणतो. लोकांना फोटो नको असतो, मान हवा असतो. रिकाम्या फ्लॅशलाही मी 'हसा' म्हणतो, शेवटी इमान म्हणून काही आहे. कॅमेऱ्याला डोळाही लावतो, फक्त बघत नाही. तेवढीच डोळ्याला विश्रांती.
आता रोलची कटकट नाही, कार्डात हवे तेवढे फोटो मावतात. तरी गर्दी झाली की अंगठा आपोआप त्या बटणावर जातो. वीस वर्षांची सवय.
संकल्प: १५ तारखेला एकही रिकामा नाही.

१ मार्च
घरी ट्रायल. कॅमेरा एका मिनिटात झोपतो आणि फोटो अर्ध्या वाटेवर राहतो. महेजबीनने सेटिंग बदललं. आता कॅमेरा झोपत नाही आणि बॅटरी अर्ध्या तासात संपते. शिवाय फोटो भिंतीपलीकडे जात नाही. मंडपाला भिंती नसतात, त्यामुळे टेन्शन नाही.
संकल्प: चार बॅटऱ्या.

१४ मार्च
अंगठ्याचा बंदोबस्त केला. त्याला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे बटणावर गेला की आठवण होईल. महेजबीनने विचारलं, कापलं का. म्हटलं, हो.

१५ मार्च, रविवार. दौंड, सकाळी ११
सगळं सज्ज. टीव्ही स्टेजच्या बाजूला, महेजबीन लॅपटॉपपाशी. पहिला फोटो मोनालीचा. अठरा सेकंदांत टीव्हीवर. टाळ्या. साहेबरावांनी मिठी मारली. मी यासाठीच जन्मलो होतो.

दु. १२:४५
वधूवरांची प्रतिज्ञा झाली, फुलं पडली. सगळे फोटो टीव्हीवर आले. आता आहेराची रांग. भयंकर उकडतंय. चिकटपट्टी घामाने निघाली, पण मन खंबीर आहे.

संध्या. ६:३०. आचाऱ्याच्या पातेल्यांमागे
अंगठा नक्की केव्हा गेला ते सांगता येत नाही. रांग दारापर्यंत होती, बॅटरी बदलायची होती, कुणी कुणाच्या पुढे घुसत होतं. एवढं खरं की मोनालीच्या म्हाळूमामांचा फोटो टीव्हीवर आला आणि तिथेच राहिला. पुढची माणसं येत, मी 'हसा' म्हणे, उजेड पडे, माणसं टीव्हीकडे वळून थांबत. टीव्हीवर म्हाळूमामा. जवळजवळ चाळीस जणांनी स्वतःऐवजी म्हाळूमामांना बघितलं. म्हाळूमामा खूश होते.
मी म्हणालो, रेंज गेली. मग म्हणालो, दौंड जंक्शन आहे, रेल्वेच्या सिग्नलने लहरी अडतात. पण पाहुण्यांत कुरकुंभच्या कंपनीतले दोन इलेक्ट्रिशियन होते. ते महेजबीनकडे गेले. ती म्हणाली, जे कॅमेऱ्यात होतं ते आलंय. खोटं बोलायचं तिला सुचतच नाही. एकाने कॅमेरा हातात घेतला. म्हाळूमामांनंतर सात फोटो, आणि सातही आमदारकीला उभ्या राहिलेल्या एकाच पाहुण्यांचे. तेही आत्ताच काढलेले, म्हणून अजून वाटेतच होते.
कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. रांगेत कुशाबाई होत्या, नवं लुगडं नेसून. त्या पुढे आल्या.
"अलीमभाऊ," त्या म्हणाल्या, "मंग आमचाबी असाच व्हता का?"
मी म्हणालो, तेव्हा वायरलेस नव्हतं. हे उत्तर झालं नाही, ते मलाही कळलं.
मग रांग पुन्हा लावली. प्रत्येक जण टीव्हीवर स्वतः दिसेपर्यंत स्टेज सोडेना. जेवणं थंड झाली. सगळे टीव्हीकडे बघत उभे, त्यामुळे एकाही फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. कुशाबाई दुसऱ्यांदा रांगेत आल्या नाहीत.

१६ मार्च
विचार केला तर दोष कार्डाचा आहे. साधं कार्ड असतं तर कुणाला काही कळलं नसतं.
काल परतताना वाटेत महेजबीन न्हावऱ्याच्या चौकात म्हणाली की त्या निगेटिव्हसाठी तिने तीन वेळा सगळं कपाट रिकामं केलंय. आठ वर्षं तिला वाटत होतं, त्या लग्नाचा चौथा रोलही असणार आणि तो तिच्याच हातून हरवला. मला हे माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

१८ मार्च
कुशाबाई आल्या तर काय सांगायचं ते ठरवलं. सदतिसावा फोटो, लॅब, कात्री. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. पटतंय.
संकल्प: नजर खाली घालायची नाही.

२० मार्च, शुक्रवार
कुशाबाई आल्या. पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या. मी चहा सांगितला आणि लॅबपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.
"शोधू नगा आता. पर त्या दिवशी तुमी ह्यांना 'हसा' म्हनला व्हता. ते कवा हसायचे न्हाईत. मी शेजारी उभी, म्होरं बघत, मला कुठलं दिसतंय? समोर तुमी व्हता. कसे हसले, तेवढं सांगा."
महेजबीनने कॉम्प्युटरवरून मान वर केली. काय वाटेल ते सांगता आलं असतं. मिशीत हसले, लाजून हसले, दात दिसले. तिघांत ते खोडायला कोण होतं?
मी म्हणालो, कुशाबाई, मी बघत नव्हतो.
त्या मग पिशवी उचलून गेल्या. चहा आला तेव्हा मी एकटाच बाकड्यावर होतो. महेजबीनने कॅमेऱ्यातून वायरलेस कार्ड काढलं, जुनं घातलं आणि कामाला लागली. दहा सेकंद लागले.
आज संकल्प नाही.