साहेबांसाठी शिवलेला पिंजरा

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकता आलं तेवढंच गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका म्हटलं की ते मुद्दाम चढतात हे मला ठाऊक आहे. त्यांना माझं नाव सांगून रागव, म्हणजे तुझ्यावर डाफरणार नाहीत. इकडे तसं बरं चाललंय. माणसांचं तेवढं सांगवत नाही, पण सरडा मजेत आहे, आणि सध्या या घराची शांतता त्याच्याच शेपटीला बांधलेली आहे.

पोरीला समजवायला कधी येऊ, असं तू विचारलंस. मीच बोलावलं होतं, नाकारत नाही. तिने स्वतःच पसंत केलेला तो मुलगा बोगद्याच्या कामावर इंजिनिअर आहे आणि फावल्या वेळात सरडा पाळतो. अगं, माणसाने कुत्रा पाळावा, मांजर पाळावी, काहीच जमत नसेल तर राग पाळावा. ज्याला पाळायला सरडा सुचतो तो संसार काय करणार, हे माझं मत मी जेवताना, चहा पिताना आणि (तुझी भावजय म्हणते) झोपेतसुद्धा बोलून दाखवलं. पोर एका शब्दाने उलटून बोलली नाही. पण या सरडेवाल्याला (मी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही) कंपनीने लांबच्या बोगद्यावर पाठवलं, तेव्हा तिने तो सरडा काचेच्या पेटीसकट घरी आणला आणि मला म्हणाली, "बाबा, मी दिवसभर ऑफिसात असते. तुमचं दुकान खालीच आहे. तुम्ही बघाल ना?" लहानपणी तुटलेली बाहुली हातात देऊन विचारायची ना, अगदी त्या आवाजात. आता कुठला बाप नाही म्हणणार?

आणि नेमकी माशी तिथेच शिंकली. पेटी वर नेताना जिन्याच्या वळणावर माझ्या हातातून सटकली आणि खालच्या पायरीपर्यंत काचाच काचा. सरडा तेवढ्या वेळापुरता बुटाच्या खोक्यात ठेवला होता म्हणून वाचला. पोरीने काचा गोळा केल्या आणि माझ्याकडे एकदा बघितलं. अक्का, ती नजर मला सहन झाली नाही. तिला वाटलं, बाबांनी मुद्दाम पाडली! तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की हा प्राणी माझ्या हातून मेला, तर ही जन्मभर सरडा मेला असं म्हणणार नाही, बाबांनी मारला असंच म्हणेल. लग्न मोडायचं तर ते माझ्या तत्त्वावर मोडावं, सरड्याच्या मयतावर नको. म्हणून ठरवलं, काही झालं तरी हा जगला पाहिजे.

नवी पेटी मिळायला वेळ लागणार होता. मग आठवलं, तुझ्या भावजयीच्या मैनेचा पिंजरा माळ्यावर पडून आहे. (मैना जाऊन वर्षं झाली, पण तिचा विषय काढला की अजून घरात आमटी खारट होते.) तिने पिंजरा दिला, पण अट घातली: एक गज वाकवायचा नाही, एक भोक पाडायचं नाही, मैनेचा झोका काढायचा नाही. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. पण मी पडदे आणि सोफे शिवणारा माणूस, मला खिळा-हातोडा कशाला लागतो? मी सरळ मापं घेतली. पिंजऱ्याची घेतली, सरड्याचीही घेतली. टेप लावल्यावर त्याने एक डोळा टेपवर आणि दुसरा माझ्यावर ठेवला, अगदी बिल मोठं येणार अशी शंका आलेल्या गिऱ्हाइकासारखा. तेव्हापासून मी त्याला साहेब म्हणतो.

पिंजऱ्याचे गज मैनेच्या बेताचे, त्यातून साहेब आरामात बाहेर पडले असते. म्हणून मी बारीक जाळीचा अंगरखा शिवला, पुढे चेन, खाली इलास्टिक, कडेला पायपिंग. (पायपिंगची गरज नव्हती. पण माझ्या हातून उघड्या कडेचं काम बाहेर जात नाही.) पिंजरा दुकानातच ठेवला आणि शिलाई मशीनचा दिवा बाहेरून बांधला, उबेला. मैनेच्या वाटीत पाणी ठेवलं, तर साहेब दिवसभर वाटीकडे ढुंकून बघेनात. संध्याकाळी पोरीने सांगितलं की तो वाटीतलं पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. मग इस्त्रीला पाणी मारायची बाटली घेतली आणि आतल्या कुंडीवर फवारा सुरू केला. हल्ली गिऱ्हाइकांचे पडदे चुरगळलेले गेले तरी चालतात, साहेबांची पानं कोरडी राहत नाहीत.

खरी चूक झाली ती अस्तराची. सरडेवाल्याने लिहून ठेवलं होतं की तीन बाजूंनी पानांचा आडोसा हवा, नाहीतर त्याला भीती वाटते. मी म्हटलं, एवढंच ना! दुकानात पडद्याच्या कापडाचा सुरेख तुकडा उरला होता, हिरवीगार पानं आणि त्यात मध्ये मध्ये फुलपाखरं. तीन बाजूंना चुण्या घालून असं काही अस्तर लावलं की तुझी भावजयसुद्धा आपणहून "छान" म्हणाली. साहेबांनी ते पाहिलं, डोळे फिरवले, आणि फटकन जीभ मारली एका फुलपाखरावर. ती परत गेली कोरडी. पुन्हा मारली. मग दुसऱ्या फुलपाखरावर. अक्का, सकाळपासून दुपारपर्यंत तो बिचारा माझ्या छापील कापडावर शिकार करत होता आणि मी त्याला म्हणत होतो, अरे बाबा, ते पक्क्या रंगाचं आहे, सुटायचं नाही! शेवटी तो असा रुसला की समोर खरा रातकिडा सोडला तरी तोंड फिरवून बसला. मी कपाळाला हात लावला. अस्तर उसवलं आणि साधं हिरवं लावलं. तरी खाण्यावरचा त्याचा विश्वास परत यायला बराच काळ गेला, आणि तोवर माझ्याही घशाखाली धड घास उतरला नाही.

न खाल्लेले रातकिडे मात्र मोकाट सुटले. अंगरख्याचं इलास्टिक खाली थोडं सैल पडलं होतं, तिथून निघून ते दुकानात शिवायला आलेल्या एका सोफ्यात शिरले. हे मला केव्हा कळलं? सोफा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोहोचल्यावर. बाहेर बसलेल्या एका पेशंटला वाटलं की आवाज आपल्या दाढेतून येतोय, आणि तो दाढ काढून घ्यायलाच तयार झाला. बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, नवीन स्प्रिंग आहे, बसेल. (खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी जाऊन सोफा उसवला आणि फुकट शिवून दिला.)

पण हे सगळं एकीकडे आणि परवाचं एकीकडे. दुपारी मी चेन थोडी उघडी ठेवली, आत कोंदट वाटू नये म्हणून. वळून बघतो तो साहेब गायब! तो रंग बदलतो हे शाळेत शिकलेलं डोक्यात बसलेलं, म्हणून दिसत नाही तर हाताला तरी लागेल या आशेने मी दुकानातलं एकूण एक ठाण चाचपलं. तुझी भावजय वरून ओरडली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, जातोय कुठे!" अगं, पण आपल्या दुकानाला कुंपण कुठे आहे, दारासमोर धडधडीत रस्ता! मांजर, चाकं, लोकांचे बूट, नको नको ते डोळ्यांसमोर आलं. शेवटी ऑफिसं सुटायच्या वेळी बघतो तर साहेब दर्शनी काचेत, पडद्याच्या दांडीवर, सगळ्या रस्त्याला दिसतील असे बसलेले, आणि बाहेर बघ्यांची ही गर्दी. मी स्टुलावर चढलो, हात पुढे केला आणि म्हणू लागलो, ये रे माझ्या सोन्या, ये रे राजा. (नाक गळत होतं. धुळीने.) त्याने एक पाय माझ्या बोटावर ठेवला, मग दुसरा, आणि मनगटाला शेपटीचा विळखा घालून शांत बसला. खाली बघितलं तर पोर ऑफिसातून येऊन स्टूल धरून उभी. आणि या वेळची तिची नजर मला जिन्यावरच्या नजरेपेक्षा जड गेली.

असो. माझं मत होतं तेच आहे. तू सवडीने ये आणि पोरीला चार शब्द सांग. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. सरडेवाल्याचं काम संपलं. शनिवारी येतो आहे. त्याच्या मित्राकडे मोठा थोरला जाळीचा पिंजरा आहे म्हणे, साहेबांना तिकडे कायमचं नेणार. वर मला फोनवर म्हणतो, "काका, तुम्हाला फार त्रास दिला." त्रास? कोणी केली याच्याकडे तक्रार? मित्राला पानं ओली ठेवायचं सुचणार आहे का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

ता. क. दुसरा. अक्का, मुलगा वाईट नाही गं. मुका जीव ज्याच्या हाताला इतका सवयीचा आहे, तो माणूस आपल्या पोरीला काय त्रास देणार? आणि तो घरचा झाला की त्याचं ते सगळं घरचंच, मग मित्राकडे न्यायचा प्रश्नच येत नाही. पण इतके दिवस मी एवढं तोंड चालवलंय की आता आपणहून हो म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा तू शुक्रवारीच ये आणि पोरीला समजवायच्या ऐवजी सगळ्यांसमोर मलाच चांगला झाप. मी थोडा वेळ नाही नाही म्हणेन. लगेच सोडू नकोस, पण फार ताणूही नकोस, मी मोडता मोडता उगाच खरोखर हट्टाला पेटायचो. मोठ्या बहिणीचा शब्द मोडवला नाही, असं दिसलं म्हणजे झालं.

ता. क. तिसरा. आत्या, पाकीट टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं आहे. चिकटवायचं विसरले होते, ते मी चिकटवते आहे. मी काही वाचलेलं नाही. तू शुक्रवारी नक्की ये, आणि झापताना जरा बेताने घे. बाबांना लगेच रडू येतं, आणि मग मला येतं.