उजव्या पडद्यावरची नवरी

वडीगोद्री,
२ नोव्हेंबर २००७

प्रिय बेबी,

पत्र पाहून दचकशील. हॉस्टेलला फोन लावायला दोन मिनिटं पुरतात, मग अण्णांना कागद-पेन कुठून सुचलं, असं वाटेल तुला. घरात सगळं ठीक आहे. पण फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर माझ्याच्यानं हे सांगवलं नसतं. शेजारचे तातेराव उद्या औरंगाबादला निघालेत, त्यांच्याच हाती पत्र देतो आहे.

गोष्ट माझ्या डोळ्यांची आहे. दसरा झाला आणि मी उन्हाळ्यातल्या लग्नांच्या राहिलेल्या कॅसेटी मिक्सिंगला घेतल्या. आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दोन मॉनिटर. डाव्यावर मी तुकडे जोडतो, उजव्यावर लग्न चालू असतं. तर उजव्यावरचं लग्न अडखळायला लागलं. नवरी दारातून निघायची, मधेच थिजायची आणि एकदम बोहल्यावर. एखादी विंडो माऊसनं ओढली की डावीकडे अलगद सरकायची, उजवीकडे गेली की ठेचकाळायची. मशीन बंद करून चालू केलं, धूळ उडवली, प्रोग्राम काढून परत टाकला. काही फरक नाही. मग मनात नको ते आलं. तुझ्या आजोबांची नजर काचबिंदूनं गेली हे तुला माहीत आहे, पण ती उजव्या बाजूनं जायला लागली होती हे कुणी सांगितलं नसेल. औत हाकताना उजवीकडचा बैल त्यांना मधूनमधून दिसेनासा व्हायचा. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. मी या पोळ्याला बेचाळीस पूर्ण केली.

तू म्हणशील, आईला बोलावून दाखवायचं की. तेच धाडस होत नव्हतं. ‘मला तर बराबर दिसून राह्यलं’ असं ती म्हणाली असती, की निकालच लागला. म्हणून ती दुकानात आली की मी उजवा मॉनिटर बंद करायचो. दहा दिवस चोरासारखा वागलो. गिऱ्हाइकांवर खेकसलो, जेवण जाईना. आजीनं मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्टसुद्धा काढली.

परवा दुपारी आई चहा घेऊन कधी मागं येऊन उभी राहिली, कळलंच नाही. म्हणाली, “अहो, ही नवरी अशी उड्या का मारून राह्यली?” मी खुर्चीतच वळलो आणि विचारलं, तुला दिसतंय ते? तर म्हणते, “मला काय डोळे न्हाईत का? बेडकावानी करून राह्यली.” बेबी, मला रडू आलं. मग तिला सगळं सांगितलं. त्यावर तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

दोष मशीनचा आहे हे कळल्यावर डोकं ताळ्यावर आलं. टॉर्च घेऊन मशीनच्या मागं शिरलो. दसऱ्याला आजीच्या हट्टानं मशीन पाटावर मांडून पुजलं होतं. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं. “वायरी लोंबून राह्यल्या अन् पूजा करतो का?” म्हणून तिनं एकूण एक वायर काढायला लावली होती. परत जोडताना मीच घाईत उजव्या मॉनिटरची वायर व्हिडिओसाठी वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक कार्डाला लावायची सोडून मशीनच्या मूळच्या खाचेत खोचली होती. चित्र तिथूनही दिसतं, पण चालतं चित्र तिला झेपत नाही. पंधरा वर्षं या धंद्यात आहे, आणि तिथं हात घालून बघायचं काही मला सुचलं नाही. वायर बदलली. नवरी दारापासून बोहल्यापर्यंत नीट चालत गेली. तरी आईनं काल मला अंबडला डॉक्टरकडे नेलंच. डोळ्यांचा दाब ठीक आहे, बाजूची नजर साफ आहे. जवळचा चष्मा लागला आहे, आणि आजोबांमुळे दरवर्षी तपासून घ्यायला सांगितलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या शुक्रवारी मी तुला फोनवर म्हणालो, कॉलेज सोड, टी.सी. काढ, दिवाळीला सगळं सामान घेऊन ये, दुकानात माणूस मिळत नाही. ते खोटं होतं. नजर जायच्या आत तुला काम शिकवावं म्हणजे घर तरी चालेल, एवढंच मला सुचत होतं. तू भांडली नाहीस, का म्हणून विचारलंसुद्धा नाहीस. ‘बरं, अण्णा’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. मला माफ कर. टी.सी.चा अर्ज लिहिला असशील तर फाडून टाक. दिला असशील तर सोमवारी पहिल्या एसटीनं मी येतो, आणि चूक माझी होती असं प्राचार्यांच्या समोर उभा राहून सांगतो. दिवाळीला ये, पण एका पिशवीनिशी ये. बाकीचं सामान हॉस्टेलवरच राहू दे.

तुझाच,
अण्णा