माइक चालू होता

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आईवडील तीर्थरूप आणि बाकीची वडीलधारी तीर्थस्वरूप, हे तूच पाटीवर गिरवून घेतलं होतंस, म्हणून एवढं तरी बिनचूक. साष्टांग मात्र मनातल्या मनात घातलाय, कारण माझे गुडघे हल्ली एका वेळी एकच वाकतात.) तुझा खोकला गेला का? हे पत्र तू खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्याला तो तपकिरी मफलर गुंडाळून वाचत असशील आणि काका शेजारून "काय लिहिलंय, काय लिहिलंय" करत असतील. त्यांना आधीच सांगून टाक, मी खुशाल आहे. ही ओळ मुद्दाम वर घातली आहे, पुढचं वाचताना कुणी छातीवर हात ठेवायचा नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या हॉस्पिटलात दरवर्षी कर्मचाऱ्यांचा गौरव होतो. पदक सहसा ऑपरेशन थिएटरला जातं, नाहीतर अतिदक्षता विभागातल्या सिस्टरना, आणि ते रास्तच आहे, कारण ते माणसं वाचवतात. मी माणसांना फक्त कुठल्या खोलीत जायचं ते सांगते. जिन्याखालची माझी ती खोली, त्यात एक टेबल, एक माइक आणि एक पंखा. (पंखा लावला की सगळ्या हॉस्पिटलला वादळ सुटल्यासारखं ऐकू जातं, म्हणून तो कायम बंद.) तिथून मी नंबर पुकारते, हरवलेल्या छत्र्या मालकाला मिळवून देते, रुग्णवाहिकेच्या वाटेत गाडी लावणाऱ्याला गोड आवाजात झापते आणि मधूनमधून आरोग्याच्या सूचना वाचते. मीठ कमी खा, हात धुवा, मानेवर, काखेत, कुठेही गाठ लागली तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नका, वगैरे. यंदा त्या सूचनांसाठीच पदक मला जाहीर झालं. बाईंच्या आवाजामुळे लोक वेळेवर तपासायला येतात, असं मोठ्या डॉक्टरांनी लेखी कळवलं. मी तो कागद इतक्या जणांना दाखवला की त्याच्या घड्या विरल्या.

आता माझा मूर्खपणा ऐक. सोहळा वरच्या सभागृहात, आणि वॉर्डातले माझे श्रोते खाली खाटांवर पडलेले. माझं कौतुक त्यांच्या कानावर नको का पडायला? म्हणून सकाळीच मी आमच्या वायरमनला चहा-बिस्किटं चारली आणि सभागृहाचा माइक हॉस्पिटलभरच्या कर्ण्यांना जोडून घेतला. याची वाच्यता कुणाकडे केली नाही. आपण काही हौस म्हणून केलं नाही, चुकून जोडलं गेलं, असं नंतर म्हणायचं ठरवलं होतं.

नाव पुकारलं गेलं, मी व्यासपीठावर चढले आणि समोर बघितलं. आत्या, इतकी वर्षं मी हजारोंशी बोलते आहे, पण भिंतीआडून. तोंडं कधी पाहिली नव्हती. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय म्हटल्यावर घशाला कोरड पडली आणि मी आवंढा गिळला. मोठे डॉक्टर (ते मूळचे कान-नाक-घशाचे) पदकाची फीत माझ्या अंबाड्यातून सोडवत होते. त्यांचा हात तिथेच थांबला. म्हणाले, पुन्हा एकदा आवंढा गिळा. मला वाटलं, माणूस धीर देतोय. मी गिळला. मग त्यांनी पदक टेबलावर ठेवलं, माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी माझा गळा चाचपू लागले. पुढच्या रांगेतल्या मेट्रन नंतर म्हणाल्या, खालून अगदी असं दिसत होतं की साहेब पदक द्यायच्याऐवजी बाईंचा जीवच घेतायत. मागच्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा डॉक्टर हळूच, फक्त मला ऐकू जावं असं म्हणाले,

"बाई, ही गाठ कधीपासून आहे?"

फक्त मला आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलला.

पुढे काय झालं असेल ते तुला सांगायला नको. व्यासपीठावरून उतरून जिन्यापर्यंत येते तोवर बातमी माझ्या आधी खाली पोचली होती. लिफ्टमननं माझ्यासाठी स्टूल आणलं आणि मी बसेपर्यंत लिफ्ट हलवेना. औषधांच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी त्यांच्या मेहुणीच्या गाठीची साद्यंत हकीकत ऐकवली, शेवट मात्र गाळला. (शेवट गाळलेली हकीकत ऐकून माणसाची झोप कशी उडते, हे ज्याचं त्यालाच कळतं.) हाडांच्या वॉर्डातला, दोन्ही पाय वर टांगलेला एक म्हातारा रोज सिस्टरकरवी निरोप पाठवायचा की बाईंना म्हणावं काळजी घ्या. धोबीखान्यातल्या बायकांनी तर मला बघताच डोळ्याला पदर लावायचा सपाटा लावला, त्यांना धीर देता देता माझा धीर संपायचा.

सोनोग्राफी झाली. मग गळ्यात सुई घालून तपासणीला चार थेंब काढले. दुखलं म्हणण्याइतकं दुखलं नाही, पण मी ओरडले, कारण तेवढा हक्क मला आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अशा बहुतेक गाठी साध्या असतात, पण वाईट निघाली तर ऑपरेशन करावं लागेल, आणि आवाजाची नस तिथे अगदी लागून जाते. म्हणजे गाठ जाईल, आवाजही बसू शकेल. हे ऐकलं आणि आत्या, मी घाबरले. जिवाची भीती नंतर वाटली, आधी आवाजाची वाटली. हा आवाज माझा कुठला? तू दुपारी मटार सोलत बसायचीस आणि मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचीस. शब्द गिळू नकोस, तोंड उघड, शेवटचं अक्षर दारापर्यंत गेलं पाहिजे. नीट वाचलं की एक दाणा मिळायचा. तेवढीच काय ती माझी मिळकत, आणि तीच जाणार असं वाटलं.

त्यातच डॉक्टरांनी मला रजेवर बसवलं आणि माइक हिशेब खात्यातल्या कारकुनाच्या हाती दिला. त्याला सगळं एका दमात उरकायची सवय. दात काढायला आलेले गृहस्थ बाळंतिणींच्या रांगेत जाऊन बसले. मेहुण्याला भेटायला आलेल्या एका धडधाकट माणसाच्या छातीचा एक्स-रे निघाला. (त्यात काही सापडलं नाही. तो खूश होऊन, आभार मानून गेला.) मी घरी बसून हे फोनवर ऐकायचे आणि हसायचे, आणि हसता हसता हात आपोआप गळ्याकडे जायचा.

अहवालाच्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर बसले होते. बाकावर आणखी कोण कोण होतं म्हणतेस? लिफ्टमन, वायरमन, मेट्रन, औषधांची खिडकी बंद करून आलेले ते गृहस्थ, सगळे काहीतरी काम असल्यासारखे. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई, ज्यांना आम्ही कधी उजेडात पाहिलं नव्हतं, त्या स्वतः कागद घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साधी आहे. दर सहा महिन्यांनी दाखवत जा."

मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. मेट्रननी मला जवळ घेतलं आणि वायरमनही रडायला लागला. (त्याला सगळं माझ्यामुळे झालं की त्याच्यामुळे, याचा घोळ पडला होता.) मोठे डॉक्टर बाहेर आले नि म्हणाले, आता तुम्हीच सांगून टाका, सकाळपासून वॉर्डावॉर्डातून विचारणा चालली आहे, सिस्टरना काम सुचत नाही. मग मी जिन्याखाली गेले, कारकुनाला उठवलं, बटण दाबलं आणि सांगितलं, "सूचना. माइकवाल्या बाईंची गाठ साधी निघाली आहे. सर्वांनी आपापल्या खाटेवर परत जावे." शेवटचं अक्षर दारापर्यंत गेलं. वरच्या मजल्यांवरून भांडी वाजवल्याचा आवाज आला, तो मी छत फुटेपर्यंत ऐकत बसले असते.

असो. आता मी सुखरूप आहे, कामावर आहे आणि पुन्हा छत्र्या वाटते आहे. काकांना नमस्कार सांग. तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवते, हेही मनातल्या मनात.

तुझीच लाडकी (दुसरी भाची नाही म्हणून),
माइकवाली

ता. क. पदक गडबडीत टेबलावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्या मावशींनी ते माझ्या माइकच्या मानेत घातलं. तिथेच शोभतंय.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला अशी गाठ होती का. मी ठासून नाही म्हणाले. घरी येऊन पाणी पिताना आठवलं. मागच्या खेपेला तू पाणी पीत होतीस, तुझा मफलर सरकला आणि तू चटकन भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी ठसका लागला समजले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत्या.

ता. क. तिसरा. मंगळवारी सकाळी तुझा पहिला नंबर लावला आहे. काकांशी माझं कालच बोलणं झालंय. (पत्रात काय लिहिलंय हे ते उगाच विचारतायत, त्यांना सगळं ठाऊक आहे.) नंबर मी स्वतः पुकारणार. तू आली नाहीस, तर लहानपणी घरात तुला ज्या नावानं चिडवायचे त्या नावानं पुकारीन, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. मफलर घालूनच ये. काढायला मी आहे.