माझं वजन, त्याचा रिपोर्ट

२ जून, सोमवार
८२.४. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर, चपला काढून. चपलांनी काय फरक पडणार होता, पण काढल्या.
बाई म्हणाल्या, "पहले वजन, फिर दवाई." लग्नाला सहा वर्षं झाली, आणि उपाय काय तर चाला. पाळी दोन-दोन महिने येत नाही त्याचं कारण वजन असू शकतं म्हणे. आठ-दहा किलो कमी झालं तर गोळ्यांशिवायही येईल कदाचित. बरं.
दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक माझ्या रक्ताची. दुसरी नवरोबांच्या तपासणीची. रवींद्रने दुसरी चार घड्या घालून खिशात टाकली, जशी काही लाचेची नोट. "करतो की," म्हणाला. बाहेर आल्यावर पहिलं काम, तंबाखूचा मावा चोळून तोंडात.

४ जून, बुधवार
आमच्या बिल्डिंगला कळलं. मी कोणाला सांगितलं नाही, म्हणजे सासूने सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबवून म्हणते, लिंबूपाणी घे. तिचा स्वतःचा श्वास दुसऱ्या मजल्यावरच संपलेला.
सासूचं निराळंच. ती म्हणते, "उपाशी राहीसन पोर व्हस का? भाकर खाय." आणि ताटात तिसरी भाकरी. डॉक्टरने काय सांगितलं ते सांगितलं तर, "तिले काय समजस!"
म्हणजे खाल्लं तर गल्ली बोलते, नाही खाल्लं तर घर बोलतं.

८ जून, रविवार
खालच्या दुकानगाळ्यात वंदनाताई हेल्थ क्लब चालवते. गेल्या वर्षापर्यंत ती साड्यांना लेस लावायची. आता "वेलनेस कोच". टी-शर्टवर छापलंय तसं.
सकाळी साडेसहाला बारा बाया ओळीने काट्यावर. वंदनाताई आकडा मोठ्याने ओरडते आणि सगळ्या टाळ्या वाजवतात. माझा आकडा ऐकून टाळ्या जरा हळू वाजल्या.
मी मिलमध्ये डिस्पॅचला आहे. दिवसभर कापडाचे ताके, म्हणजे आपले तागे, काट्यावर चढवून वजन लिहिते. पण ताक्याला कोणी विचारत नाही, "गुड न्यूज कधी?"
व्हॅनिलाच्या वासाची पावडर, पाण्यात घुसळून. सकाळी तीच, रात्री तीच. दुपारी फक्त काकडी. वंदनाताई म्हणाली, "ह्यानेच कोसाडच्या एका ताईला जुळे झाले." पावडरीने. ताईच्या नवऱ्याचा काही हातभार नसावा.
तरी महिन्याचा डबा घेऊन आले. शहाणपण मिरवायला वहीच बरी.

१३ जून, शुक्रवार
८०.९.
जेवणाच्या सुट्टीत हसुमतीबेनने माझ्या डब्यात डोकावून बघितलं. "आ शुं? काकडी? बस?" मग स्वतःचं थेपलं पुढे केलं. नको म्हटलं तर लगेच चेहरा पाडून, आवाज बारीक करून, "समजी गई." काय समजली कोण जाणे. संध्याकाळपर्यंत तिन्ही टेबलांना समजलं होतं.
डोकं दुखतंय. चिडचिड तर विचारूच नये.

१९ जून, गुरुवार
रवी सोफ्यावर बसून खमण खात होता. तेल, मिरच्या, शेव, सगळं साग्रसंगीत. मी समोर पावडर घुसळतेय.
विचारलं, "तुमच्या तपासणीचं काय झालं?"
टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "झाली ना. नॉर्मल आली."
"कधी केली?"
"मागच्या आठवड्यात. कामावरून येताना."
सासू स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडी जोरात ठेवायला लागली.
म्हणजे ठरलं. जे काही आहे ते माझ्यातच. एवढे दिवस मनात कुठेतरी वाटत होतं की अर्धं तरी त्याचं निघेल. निघालं असतं तर बरं वाटलं असतं, असली मी बायको. स्वतःचीच किळस आली.
उद्यापासून काकडीही अर्धीच.

२९ जून, रविवार
कोसाडला चुलत नणंदेचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. ती आणि तिचं पोट दोघं मिळून फोटो काढत होते.
एकेक बाई ओटी भरायला उठत होती. मी उठले. तिची सासू गोड हसून म्हणाली, "मनीषा, तू बस गं, दमली असशील. तू ते जेवायची पानं बघ." दमायला मी काय केलं होतं? नारळ हातात घेतला होता फक्त.
पानं बघितली. नीट बघितली. चार जिलब्या उभ्याने खाल्ल्या, मठ्ठा प्यायले. मग मोरीत जाऊन बोट घालून सगळं काढलं. डोळ्यांत पाणी आलं ते उलटीचं.
निघताना त्याच बाईने माझ्या दंडाला हात लावून बघितला. "बारीक झालीस हो. आता होईल." भाजीवाल्याकडे दुधी दाबून बघावा तसा.

७ जुलै, सोमवार
७६.३. क्लबमध्ये नंबर पहिला. वंदनाताईने माझा आधीचा आणि आत्ताचा फोटो जोडून ग्रुपवर टाकला. न विचारता. आधीच्या फोटोत मी हसतेय, आत्ताच्यात नाही. खाली चोवीस अंगठे.
एका बाईने लिहिलंय, "ताई, हनुवटी छान दिसायला लागली." सहा वर्षं हनुवटीसाठीच तर झुरत होते मी.

८ जुलै, मंगळवार
मिलमध्ये पडले. ताका काट्यावर ठेवायला वाकले आणि मग एकदम हसुमतीबेनचा चेहरा वर, छताच्या पंख्याबरोबर फिरताना. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. साखरपाणी पाजलं. शेठ येऊन बघून गेला, "घरे मोकलो", घरी पाठवा म्हणाला, पण त्याआधी ताका फाटला नाही ना ते बघितलं.
हसुमतीबेन रिक्षाने घरापर्यंत आली. रस्ताभर एक शब्द उपदेशाचा नाही. तिच्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडत नाही, पण हेही लिहून ठेवते.

९ जुलै, बुधवार
एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पावडरीचा डबा उलटा-सुलटा बघितला, मग माझ्याकडे.
"मैंने भूखा रहने को बोला था?"
नव्हतं सांगितलं. चाला, भाकरी-डाळ-भाजी वेळेवर खा, तळलेलं आणि गोड कमी करा, एवढंच म्हणाल्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलेलंही होतं. मी वाचलं होतं की. पण साधी गोष्ट ऐकायला टाळ्या वाजवणारं कोणी नसतं ना.
उलटीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, परत कधीच नाही, आणि वाटलं करावंसं तर आधी मला फोन. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.
मग फाइल चाळली. "हजबंड का रिपोर्ट?"
"नॉर्मल है."
"कागज?"
कागद नाही. कागद मी पाहिलाच नव्हता.

१० जुलै, गुरुवार
कागद मागितला. "असेल कुठेतरी," म्हणाला. मग, "गाडीच्या डिकीत होता." मग, "भिजला बहुतेक." एका कागदाचं तीन मिनिटांत एवढं आयुष्य.

१२ जुलै, शनिवार
हाफ-डे होता. बाईंनी सांगितलेल्या लॅबमध्ये गेले, दुसरी प्रत मागायला. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, कॉम्प्युटरवर बघितलं. मोबाइल नंबर टाकून बघितला. जूनमध्ये, मेमध्ये, सगळीकडे.
"इस नाम से कुछ नहीं है, दीदी."
दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.
घरी गोडादऱ्यापर्यंत चालत आले. राग आला की चाल वाढते, डॉक्टरीणबाई खूष होतील.

रवी सहाला आला. मी विचारलं, "लॅबमध्ये गेलाच नव्हतात ना?"
आधी चिडला. माझ्या मागे चौकशी करते का म्हणून. मग म्हणाला, "माझ्यात काय असणार? मला काय झालंय? आमच्या घरात कोणाला..."
"मग नॉर्मल का सांगितलं?"
"तू सारखी विचारत होतीस."
म्हणून. मी विचारत होते म्हणून. मी तीन आठवडे अर्धी काकडी खाल्ली, मोरीत बोटं घातली, ताक्यावर पडले, कारण ह्याला टीव्ही बघताना कटकट नको होती.
मग हळूच म्हणाला, "तिथे डबी देतात हातात. बाहेर माणसं बसलेली असतात." मला वाटलं होतं माझ्या मनात दया येईल. आली नाही. मला सहा वर्षांत किती टेबलांवर पाय वर करून झोपवलंय ते ह्याने मोजलंय का?

१५ जुलै, मंगळवार
क्लबला जाणं बंद. वंदनाताई दारात येऊन म्हणाली, "तुझी इच्छाशक्ती कमी पडली." मी म्हटलं, हो, तुझ्याकडे तिचाही डबा असेल तर सांग. गेली.
सकाळी खाडीकडेने पाऊण तास चालले. नंतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. एकच भाकरी, पण भाकरी! डोळे मिटून खाल्ली.
चार दिवस रवीशी बोलत नाहीये. त्याचा डबाही भरत नाहीये. सासूने आज विचारलं, "काय व्हयनं वं तुमनं?"
सांगून टाकलं. सगळं, लॅबसकट. मला वाटलं होतं आता मुलाची बाजू घेईल, खानदान काढेल. तयारी करून बसले होते मी, उत्तरंही ठरवली होती.
ती लसूण सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, "मीबी नऊ वरीस ऐकं. वांझोटी, वांझोटी. तुना सासराले कोणी दवाखानामा नही नेलं. त्यानी दारू सोडी, तवय हाऊ रवी व्हयना."
सासऱ्यांची दारू सुटल्यावरच रवी झाला, हे मी एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मग मलाच का तिसरी भाकरी वाढून टोचत होतीस, असं विचारायचं होतं. त्याऐवजी मीही लसूण सोलायला घेतला.

२० जुलै, रविवार
सकाळी आठ वाजता सासू इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी. "रवी, ऊठ. कपडा घाल."
"कुठे?"
"लॅबमा."
"आई, तुला काही लाज..."
"माले नही शे लाज. तुले व्हती ना, मंग खोटं कसाले बोलना?"
दोघं रिक्षाने गेले. चौतीस वर्षांचा माणूस आईबरोबर ही तपासणी करायला. मी खिडकीतून बघितलं आणि हसले. वाईट हसले. त्याच्यासाठी कीव नव्हती त्यात.
सासू परत येऊन म्हणाली, बाकड्यावर बसलेले तिन्ही बाप्ये मान खाली घालून होते, आणि तिने एकाला विचारलं, तुमनं कोणतं गाव?

२४ जुलै, गुरुवार
रिपोर्ट. रवीने पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं.
शुक्राणूंची संख्या कमी, हालचालही कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, मावा पूर्ण बंद, त्याचंही वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत तपासू. त्यालाही काट्यावर उभं केलं. ९१. मी सवयीने आकडा वहीत उतरवला.
वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. रिक्षात तो हातरुमालाने तोंड पुसत होता, सारखं, घाम नसताना. जिंकण्यासारखं काही नव्हतं तिथे. मूल अजून तेवढंच लांब.

३१ जुलै, गुरुवार
७५.८. हळू उतरतंय, चक्कर नाही. पाळी आली, पस्तिसाव्या दिवशी. पाळी आल्यावर सहा वर्षं रडले, ह्या वेळी बरं वाटलं. निदान यंत्र चालू आहे.
रवी मावा खात नाही. निदान घरात.

३ ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी अमळनेरहून त्याच्या आत्याचा फोन. तिचा आवाज अंगणातून बोलल्यासारखा, स्पीकरची गरज नाही. मी वांगी चिरत होते, सासू शेजारी.
"काय रे, सूननं वजन उतरनं का? का अजून तसंच?"
रवीने आमच्याकडे पाठ केली. म्हणाला, "हां आत्या, तिचं चालू आहे. डॉक्टर सांगतील तसं."
तिचं. एवढं होऊनही, तिचं.
सासूने माझ्याकडे बघितलं. मी विळी बाजूला ठेवली, हात धुतले, आणि त्याच्यापुढे हात पसरला. त्याला कळलं. नको, असं डोळ्यांनी म्हणाला. मी हात तसाच ठेवला. दिला शेवटी फोन.
"आत्या, मनीषा बोलतेय. माझं साडेसहा किलो उतरलं. तपासणीत तुमच्या भाच्याचंही कमी निघालंय, त्याचा उपचार चालू केलाय. आता विचारायचं असेल तर दोघांचं विचारत जा."
मग फोन कट.
रवी चपला घालून खाली गेला. दार आपटलं नाही, नुसतं उघडं टाकलं. तीन महिन्यांनी परत तपासणीला येतो की नाही, माहीत नाही. ह्या घरात तोवर काय राहतं तेही माहीत नाही.
सासू म्हणाली, "सांगाले नको व्हतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पन तू नही ते कोण सांगतं?"
मग तिने रवीचं ताट झाकून ठेवलं आणि माझं वाढलं. दीड भाकरी. मी जेवले.