हैड्रेंजिया निळी करण्याबाबत

ता. ३ फेब्रुवारी १८८६, बुधवार. कल्याण.
रेल्वेचे इंजिनियर साहेब आज विलायतेस गेले. त्यांचे सामान वॅगनीत मी चढवून घेतले, म्हणून जाताना एक कुंडी दिली. हैड्रेंजिया. अमेरिकेतली जात, फूल पांढरेच येते, सकाळचे ऊन द्यावे, दुपारी सावली, असे काहीसे सांगत होते. इतक्यात शिटी झाली. पुढचे ऐकू आले नाही. काही अडत नाही. तलावाकाठी सार्वजनिक बाग व्हायची आहे. कमिटीला सेक्रेटरी हवा. कल्याणात कोणी न पाहिलेले झाड मामलेदारांना दाखवले की नेमणूक माझीच. निश्चय: झाडाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

ता. ५.
ओटीसमोरचे अळू उपटून तिथे लावली. रस्त्यावरून दिसते. अळू कुटुंबाने लावलेले होते. कंद कुटुंबाने वेचून मागे नेले. हे असले वेचणे मला आवडत नाही. हाताला शेणखत लागले. शिसारी. तीन वेळा आंघोळ.

ता. १४ मार्च, रविवार.
पांढरी फुले कोणाच्याही दारात असतात. निळे हवे. एका इंग्रजी मासिकात वाचले की, मुळाशी लोखंड घातले की हैड्रेंजिया निळी होते. तिथे जात दुसरी होती, पण झाडांत एवढा जातिभेद कशाला? मालधक्क्यावरचे गंजके खिळे पुरले. मामलेदारांना निळ्या फुलाचे आमंत्रण दिले.

ता. २ एप्रिल.
रोज दुपारी पाने ओल्या फडक्यासारखी लोंबतात. शेजारच्या ठमाबाईचा जन्म मिठागरात गेला. ती कुंपणापलीकडून कुटुंबाला सांगत होती, "सगुणा, ऊन सोसत नाय तिला. मोरीमागं ने, फणसाखाली." मोरीचे पाणी! त्यात शिते, राख, तेलाचा तवंग! कल्पनेनेच जेवण गेले नाही. मी झाडावर छत्री बांधली. छत्री वाऱ्याने गेली.

ता. ९ मे.
फुलाचा गेंद आला. एकच. पांढरा. खिळे हलक्या प्रतीचे असणार.

ता. १५.
उद्या मामलेदार. फुलाला कपड्यांची नीळ लावली. फसवणूक नव्हे. होणारच होते ते जरा लवकर केले.

ता. १६, रविवार.
मामलेदारांनी वास घेतला. नाक निळे, मिशी डावीकडून निळी. आरसा मागितला. कुटुंब आत गेले आणि आतून भांडे पडल्यासारखा आवाज आला. भांडे नव्हते, हसणे होते. मामलेदार एवढेच म्हणाले, "यासाठी उन्हातून आलो." झाडाची किळस आली, मिशीची आली, कल्याणची आली. झाड उकिरड्यावर टाकायला सांगितले. बागकाम संपले.

ता. २० ऑक्टोबर.
मोरीमागे फणसाखाली ओळखीचे झाड दिसले. चौकशी केली नाही.

ता. ११ जानेवारी १८८७.
कुटुंब कोयतीने तेच झाड छाटत होते. घोट्याएवढे खुंट ठेवले, बाकी सफा. हा खून आहे असे मी म्हणालो. कुटुंब म्हणाले, वरच्या काड्या वाळल्यात, मूळ जिवंत आहे, नव्या फुटीलाच फूल धरेल. अडाणीपणाचा वीट आला आहे.

ता. ८ मे.
अकरा गेंद! पांढरे असेनात. लोखंडाचा अंमल मुळांत सावकाश उतरतो हे माझे मत सिद्ध झाले. मामलेदारांना निरोप धाडला. या वेळी रंग लागणार नाही असेही कळवले.

ता. १५, रविवार.
मामलेदार आले. आधी लांबून पाहिले, मग जवळून. छाटणी कधी केलीत, विचारले. छाटत नाही, लोखंड घालतो, असे मी सांगितले. दाराआडून कुटुंबाचा आवाज आला. "पौषात छाटली. खिळे मी तेव्हाच काढून टाकले होते, उकिरड्यावरून आणली तेव्हा."
मामलेदार दाराकडे वळले. पाणी किती, खत कोणते, सावली केव्हा. अर्धा तास. मी त्यांची पाठ पाहत उभा. सेक्रेटरी कोण, मी विचारले. ते केव्हाच ठरले, म्हणाले. बागेत अशी वीस झाडे लावायची आहेत, बाईंची माहिती कमिटीला लेखी हवी. कुटुंबाला लिहिता येत नाही, हे मी आनंदाने सांगितले.
"मग तुम्ही लिहून घ्या," म्हणाले. "अक्षर चांगले आहे तुमचे."

ता. १६, सकाळी सहा.
कागद, दौत. ती सांगते, मी लिहितो. दोन वर्षे मुरलेले शेणखत. ठमाबाईकडचे मासळी धुतलेले पाणी, पंधरवड्यातून एकदा. इथे मी टाक खाली ठेवला. थांबू नका म्हणाली. तीन पाने झाली. माथ्यावर 'सौ. सगुणाबाई यांनी दिलेली माहिती' असे घातले. लग्नाला चौदा वर्षे झाली. हे नाव कागदावर आज प्रथम लिहिले. तिने कागद हातात घेतला, "यात माझं नाव कुठे आहे?" विचारले. मी बोट ठेवले. तिने बोटाने त्याची लांबी मापली.
"एवढंसंच होय?"
पहिल्या पानापासून पुन्हा लिहितो आहे. मोठ्या अक्षरात.